शिक्षेचा उत्तरार्ध

जन्मठेप सुनावतं न्यायालय. ती प्रत्यक्षात किती वर्षांची, हे मात्र ठरतं कारागृहाच्या दप्तरात आणि मंत्रालयातल्या टेबलावर. तिथे कोणाची फाइल धावते, कोणाची पडून राहते आणि कोणाला काहीच विचारलं जात नाही, याचा हा मागोवा.

१९६१ या एकाच वर्षात सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या दोन जन्मठेपींच्या प्रकरणांत निकाल दिले. जानेवारीत गोपाळ गोडसेच्या, नोव्हेंबरात कमांडर कावस नानावटीच्या.

गोडसे गांधीहत्येच्या कटातला दोषी. फेब्रुवारी १९४९मध्ये लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयानं त्याला आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पुढे पंजाबातल्या तुरुंगातून त्याला नाशिक रोडला आणलं, तिथून औरंगाबादला. तुरुंगात बसून त्यानं आपला हिशोब मांडला. सप्टेंबर १९६०अखेर त्याच्या नावावर साधी माफी ८३६ दिवस, विशेष माफी २०६, शारीरिक शिक्षणाबद्दल ११३, साक्षरतेच्या कामाबद्दल १०८, वार्षिक सद्वर्तनाबद्दल २५० आणि राज्य सरकारनं वेळोवेळी दिलेली माफी १,३८० दिवस जमा होती. एकूण २,८९३ दिवस, म्हणजे जवळपास आठ वर्षं. प्रत्यक्ष भोगलेली कैद त्यात मिळवली की वीस वर्षं भरतात, आणि भारतीय दंडविधानाच्या कलम ५७मध्ये जन्मठेप वीस वर्षांची धरली आहे. तेव्हा मला सोडा, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते फेटाळलं. वीस वर्षांचा आकडा फक्त शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरता आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. माफीचे दिवस कितीही साठोत, सरकारनं उरलेली शिक्षा माफ केल्याशिवाय कैद्याला सुटकेचा हक्क मिळत नाही, असं पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. भारतातल्या प्रत्येक जन्मठेपीच्या डोक्यावर आजही तो निकाल आहे.

नानावटीची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. नौदलातला देखणा अधिकारी, पत्नीचा प्रियकर, तीन गोळ्या, आणि आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवणारी ज्युरी. मुंबई उच्च न्यायालयानं ज्युरीचा कौल बाजूला सारून ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली, आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती शिक्षा स्थगित करून नानावटीला नौदलाच्याच ताब्यात ठेवण्याची सोय केली. त्या आदेशावरून उच्च न्यायालय आणि राजभवन यांच्यात जुंपली. सर्वोच्च न्यायालयानं पुढे जन्मठेप कायम केली. पण १९६४मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याला माफी दिली. त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली. पारशी आणि सिंधी या दोन समाजांच्या भावनांचा तोल त्यातून सांभाळला गेला, अशी चर्चा तेव्हापासून चालत आली आहे. नानावटी सहकुटुंब कॅनडाला निघून गेला.

गोडसेही १९६४मध्येच, ऑक्टोबरात सुटला. म्हणजे एकाच राज्याच्या तुरुंगांतले, एकाच शिक्षेचे दोन कैदी एकाच वर्षी बाहेर आले. एक सोळा वर्षं भोगून, दुसरा त्याच्या पावपटीच्या आसपास. दोघांच्याही सुटकेचा निर्णय न्यायालयानं घेतला नव्हता, आणि का सोडलं याची कारणं दोघांच्याही बाबतीत जनतेसमोर मांडली गेली नाहीत. साठ वर्षांनंतरही आपल्याकडची मुदतपूर्व सुटका या दोन टोकांच्या मधेच कुठेतरी हेलकावते आहे.

चौदा वर्षं म्हणजे काय?

एस.टी. स्टँडवर कोणालाही विचारा, जन्मठेप किती वर्षांची? उत्तर येईल, चौदा. कोणी त्याहून हुशार निघाला तर सांगेल, तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात, म्हणजे सातच वर्षं. दुसरी गोष्ट निव्वळ थाप. पहिलीत अर्धं सत्य आहे.

१९७८च्या डिसेंबरात फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३अ घातलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकारला त्या कैद्याला माफीच्या जोरावर सोडता येणार नाही, असं ते कलम सांगतं. चौदा वर्षं हा सुटकेचा मुहूर्त नव्हे. त्याआधी सोडायचं नाही, एवढंच बंधन सरकारवर आहे. कैद्यांनी या कलमाला आव्हान दिलं. मारूराम खटल्यात १९८०मध्ये, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात, घटनापीठानं ते वैध ठरवलं, मात्र कलम लागू होण्याआधी दोषी ठरलेल्यांना त्यातून वगळलं. १ जुलै २०२४पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात हेच कलम ४७५ या आकड्यानं बसलं आहे, आणि शिक्षा माफ करण्याचा सर्वसाधारण अधिकार देणारं जुनं ४३२ आता ४७३ झालं आहे. आकडे बदलले, रचना तीच राहिली. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे घटनेच्या अनुच्छेद ७२ आणि १६१खालचे माफीचे अधिकार याहून वेगळे. त्यांना चौदा वर्षांची वेसण नाही.

चौदा वर्षं भरल्यावर पुढे काय, हे राज्यागणिक बदलतं. महाराष्ट्रानं १९९२, २००६, २००८, २०१० अशी वेळोवेळी धोरणं काढली. गुन्ह्यांचे प्रकार पाडले आणि प्रत्येकापुढे आकडा लिहिला. घरगुती भांडणातून, रागाच्या भरात झालेला खून एका रकान्यात. पैशासाठी, टोळीनं, क्रूरपणे केलेला दुसऱ्यात. स्त्रिया आणि मुलं यांच्यावरचे गुन्हे त्याहून वरच्या. कोणाला माफी धरून वीस-बावीस वर्षं, कोणाला सव्वीस-अठ्ठावीस. चौदा वर्षांची प्रत्यक्ष कैद मात्र सगळ्यांनाच. आपण कुठल्या रकान्यात बसलो, यावर माणसाच्या आयुष्याची आठ-दहा वर्षं मागेपुढे होतात. आणि तो रकाना ठरवणारा शेरा निकालपत्राच्या शेवटच्या पानावर नसतो. तो गृहविभागाच्या टिप्पणीत असतो.

माफी, फर्लो आणि पॅरोल

इंग्रजी सिनेमा आणि मालिका पाहून आपल्याला पॅरोल म्हणजे कायमची सुटका वाटते. लांब टेबलामागे बसलेलं मंडळ, समोर पश्चात्ताप सांगणारा कैदी. आपल्याकडे पॅरोल ही रजा आहे. संपली की परत आत यायचं.

महाराष्ट्रात १९५९चे फर्लो आणि पॅरोलचे नियम वेळोवेळी दुरुस्त होऊन अजून चालतात. सरकारी कागदावर फर्लोला संचित रजा म्हणतात, पॅरोलला अभिवचन रजा. फर्लो ठरावीक कैद भोगल्यावर वर्षातून एकदा मागता येते. तिला कारण लागत नाही. माणूस घरापासून तुटू नये, आत राहून मन बधिर होऊ नये, एवढाच तिचा हेतू. पॅरोलला कारण लागतं. आई-वडील, बायको, मूल यांचं गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, पुरात किंवा आगीत घर पडणं. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा मुलीचं लग्न असेल तर तातडीची थोड्या दिवसांची रजा. खरा फरक हिशोबात पडतो. फर्लोवर काढलेले दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलवरचे धरले जात नाहीत, तेवढी शिक्षा पुढे सरकते.

गोव्यातल्या कैद्यांनी हा हिशोब सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. पॅरोलचे दिवस चौदा वर्षांच्या प्रत्यक्ष कैदेत धरावेत, अशी त्यांची मागणी. जानेवारी २०२३मध्ये रोहन धुंगाट प्रकरणात ती फेटाळली गेली. ते दिवस धरले तर वजनदार कैदी पुन्हापुन्हा पॅरोल मिळवून चौदा वर्षांच्या अटीचा अर्थच काढून टाकतील, हे त्यामागचं एक कारण होतं. वजनदार कैद्याला पुन्हापुन्हा पॅरोल मिळू शकतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं इथे गृहीतच धरलं होतं.

याउलट ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचं काय होतं? उदाहरणापुरता एक माणूस कल्पून पाहू. सांगोल्याकडच्या एखाद्या वाडीतला अल्पभूधारक. बांधावरून भावकीत वाद, एका संध्याकाळी कुऱ्हाड चालली, चुलतभाऊ गेला. कलम ३०२खाली जन्मठेप, रवानगी येरवड्याला. खटला चालू असताना आत काढलेली वर्षं त्याच्या शिक्षेतून वजा होतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. नियमानं वागला, नेमून दिलेलं काम पुरं केलं तर दर महिन्याला माफीचे काही दिवस पदरात पडतात. वर्षभर शिस्तभंग नसेल तर वरकड माफी.

पात्रतेची वर्षं भरल्यावर तो फर्लोचा अर्ज करतो. अर्ज त्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात चौकशीला जातो. हवालदार वाडीवर जातो आणि विचारतो, हा आला तर भांडण होईल का? मेलेल्याचं घर दोन बांधांपलीकडे. ते म्हणतात, होईल. ठाण्यातून अहवाल जातो, शांतता भंग होण्याची शक्यता, रजेस विरोध. शिवाय जामीनदार हवा. ज्याची अर्धी भावकी विरोधात आणि उरलेली ऊसतोडीला गेलेली, त्यानं जामीनदार कुठून आणायचा? रजा नामंजूर. अशा नामंजुऱ्यांविरुद्धचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद पीठांपुढे वर्षानुवर्षं येत राहिले आहेत; कित्येकदा कैद्यानं आतून पाठवलेलं साधं पत्रच याचिका मानून, विधी सेवेमार्फत वकील देऊन. नुसत्या साचेबंद पोलीस अहवालावर रजा नाकारता येत नाही, असं न्यायालयांनी बजावलं आहे.

आणि समजा रजा मिळाली, पण परतायला उशीर झाला? मग माफीतले दिवस कापले जातात, पुढच्या रजेवर टाच येते, आणि चौदा वर्षांनी सुटकेचा प्रस्ताव निघतो तेव्हा तो जुना उशीर शेऱ्याच्या रकान्यात पुन्हा उभा राहतो. शिवाय जो रजेवर कधी गेलाच नाही, त्याच्याकडे आपण वेळेवर परततो हे दाखवायला काही पुरावाच नसतो. कोरोनाच्या काळात याची प्रचिती आली. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या बसल्या आणि तुरुंगांतली गर्दी कमी करायला पॅरोल दिले गेले. महाराष्ट्रानं मोठ्या शिक्षेच्या कैद्यांना अट घातली ती याआधी दोनदा रजेवर जाऊन वेळेवर परतल्याची. ज्याला आधी रजाच नाकारली गेली होती, त्यानं ती अट कशी पुरी करायची, यावरून उच्च न्यायालयात वाद झाले. एक नकार पुढच्या नकाराचं कारण होतो, तो असा.

फाइलचा प्रवास

चौदा वर्षं भरत आली की कारागृह अधीक्षक सुटकेचा प्रस्ताव तयार करतो. त्यात कैद्याची वर्तणूक, माफीचा तक्ता, रजेचा इतिहास, प्रकृती. त्याला जोडायला जिल्हा पोलिसांचा अहवाल लागतो, जिल्हा प्रशासनाचं म्हणणं लागतं, आणि ज्या न्यायालयानं शिक्षा दिली त्याच्या न्यायाधीशाचं मतही मागवलं जातं. प्रस्ताव पुण्याच्या कारागृह मुख्यालयात जातो, तिथून मंत्रालयात.

या प्रवासात काय पाहायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मण नस्कर प्रकरणात २०००मध्ये सांगून ठेवलं आहे. गुन्हा एका माणसाविरुद्ध होता की साऱ्या समाजाला हादरवणारा? पुन्हा घडण्याचा संभव किती? गुन्हा करण्याची त्याची कुवत उरली आहे का? त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का? घरची आर्थिक-सामाजिक स्थिती काय? पाच प्रश्न, आणि चार प्रश्नांचा रोख आजच्या माणसाकडे आहे. पण फाइलमधल्या कागदांवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं ते गुन्ह्याच्या दिवसाबद्दल. न्यायाधीश बदललेले असतात. नवे न्यायाधीश जुनं निकालपत्र वाचून मत देतात. ठाण्यातला अधिकारी कैद्याला कधी भेटलेला नसतो. ज्यानं त्याला पंधरा वर्षं रोज पाहिलं तो कारागृहातला कर्मचारी, कल्याण अधिकारी यांचं मत त्या गठ्ठ्यात सर्वांत हलकं ठरतं. गावात एखादा आजारी पडला तर आपण त्याच्या शेजाऱ्याला विचारतो. इथे मात्र तालुक्याच्या गावाहून आलेल्याचं म्हणणं ग्राह्य.

दिल्लीतल्या एका प्रकरणात हा दोष नेमका पकडला गेला. १९९६मध्ये कायद्याच्या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या संतोषकुमार सिंहचा अर्ज दिल्लीच्या शिक्षा पुनर्विलोकन मंडळानं वारंवार फेटाळला. जुलै २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो नकार रद्द करून फेरविचाराला पाठवला. तुरुंगातल्या वर्षांत माणूस सुधारला की नाही, याची मानसशास्त्रीय तपासणी झाल्याशिवाय ‘गुन्हा गंभीर’ एवढ्यावर नकार टिकत नाही, असा न्यायालयाचा रोख होता. गुन्ह्याचं नाव ऐकूनच आपल्यापैकी बहुतेकांना हा आदेश खुपेल. पण नियमाचा कस लागतो तो अशाच वेळी.

नावं मोठी असतात तेव्हा

फाइल धावते तीही दिसायला वेळ लागत नाही. अभिनेता संजय दत्तला शस्त्र कायद्याखाली पाच वर्षांची शिक्षा होती. मे २०१३मध्ये तो उरलेली शिक्षा भोगायला शरण आला, येरवड्याला गेला, आणि फर्लो-पॅरोलवर काही वेळा बाहेर येऊन फेब्रुवारी २०१६मध्ये माफीचे दिवस धरून सुटला. सरकारनं उच्च न्यायालयात दाखवलेल्या कागदांत नियमभंग आढळला नाही. गैर एवढंच, की जे नियम त्याच्यासाठी घड्याळासारखे चालले, ते इतरांसाठी तसे चालत नाहीत. आपण दत्तवर चिडलो. चिडायला हवं होतं ते शेजारच्या बराकीतल्या माणसाला तेच का मिळालं नाही यावर.

हरियाणात गुरमीत राम रहीम बलात्कार आणि खुनाच्या शिक्षा भोगत असताना वारंवार रजेवर येत राहिला, आणि त्यातल्या कित्येक रजा निवडणुकांच्या तोंडावर आल्या. बिहारमध्ये १९९४च्या जमावहल्ल्यात गोपालगंजचे जिल्हाधिकारी जी. कृष्णैया मारले गेले. त्या प्रकरणी जन्मठेप झालेला माजी खासदार आनंद मोहन सिंह एप्रिल २०२३मध्ये सुटला. त्याआधी राज्य सरकारनं कारागृह नियमावलीतून ‘कर्तव्यावरील लोकसेवकाचा खून’ हा अडसर असलेला शब्दसमूह काढून टाकला होता.

महाराष्ट्रातलं अरुण गवळीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि म्हणून जास्त शिकवणारं. नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७मधल्या खुनाबद्दल त्याला २०१२मध्ये जन्मठेप झाली. मुक्काम नागपूर मध्यवर्ती कारागृह. २००६च्या धोरणात पासष्टी ओलांडलेल्या, चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगलेल्या अशक्त कैद्यांना सवलत होती. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याखालच्या, म्हणजे गवळीसारख्या, कैद्यांना त्यातून वगळणारी दुरुस्ती आली २०१५मध्ये. शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण होतं ते लागू, असं म्हणून नागपूर खंडपीठानं एप्रिल २०२४मध्ये त्याच्या बाजूनं निकाल दिला; सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये सतरा वर्षांहून अधिक कैद आणि वय पाहून त्याच न्यायालयानं जामीन दिला. गवळीबद्दल कोणाला काही वाटो, शिक्षेच्या दिवशीचं धोरण लागू करायचं हे तत्त्व २०१०च्या जगदीश निकालापासून चालत आलं आहे. नंतरचं धोरण जास्त उदार असेल तर त्याचाही लाभ द्यायचा. ते तत्त्व सांगोल्याच्या त्या माणसालाही लागू आहे. फरक इतकाच की त्याला ते सांगणारं कोणी नाही.

ज्यांना विचारलं जात नाही

आतापर्यंतच्या या फाइलींमध्ये ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला जागाच नव्हती. ती रिकामी जागा साऱ्या देशाला दिसली १५ ऑगस्ट २०२२ रोजी.

गुजरातेत २००२मध्ये बिल्कीस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्यांच्या कुटुंबातल्या माणसांचे खून झाले. त्यात त्यांची लहान मुलगीही होती. गुजरातेत न्याय मिळेलसं दिसेना, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २००४मध्ये खटला मुंबईला हलवला. २१ जानेवारी २००८ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयानं अकरा जणांना जन्मठेप दिली. २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. त्यातल्या एकानं मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयातून आदेश मिळवला की सुटकेचा निर्णय गुजरात सरकारनं, १९९२च्या जुन्या धोरणाप्रमाणे घ्यावा. मुंबईच्या विशेष न्यायाधीशांचं मत प्रतिकूल होतं, सीबीआयचाही विरोध होता. तरी स्वातंत्र्यदिनी अकराही जण गोध्र्याच्या तुरुंगातून बाहेर आले. त्यांना हार घातले गेले, पेढे भरवले गेले. बिल्कीस यांना ही बातमी सरकारनं कळवली नव्हती.

महाराष्ट्राला हे चित्र अनोळखी नाही. नोव्हेंबर १९६४मध्ये गोडसे आणि त्याचे साथीदार सुटल्याबद्दल पुण्यात सत्यविनायकाची पूजा घालून सत्कार झाला होता. तिथल्या भाषणात टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी आपल्याला कटाची आधी कुणकुण असल्याचं सांगितलं, गदारोळ उठला, गोडसेला पुन्हा स्थानबद्ध केलं गेलं आणि त्यातूनच कटाची चौकशी करणारा कपूर आयोग बसला.

बिल्कीस प्रकरणात ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि उज्ज्वल भुयान यांनी अकरा जणांची सुटका रद्द केली. जिथे खटला चालला आणि शिक्षा झाली, त्या राज्याचं सरकारच माफीचा विचार करू शकतं, म्हणजे महाराष्ट्राचं. गुजरातला तो अधिकारच नव्हता. २०२२चा आदेश वस्तुस्थिती दडवून मिळवला होता, आणि गुजरात सरकारनं त्याविरुद्ध पुनर्विचार मागायला हवा होता, असंही न्यायालयानं सुनावलं. दोन आठवड्यांत अकराही जण पुन्हा आत गेले.

या निकालाचा एक परिणाम मराठी वाचकानं लक्षात घ्यायला हवा. उद्या या अकरांचा अर्ज आला तर त्यावर सही मंत्रालयातल्याच अधिकाऱ्याला करायची आहे. तेव्हा आपली पद्धत गुजरातपेक्षा किती वेगळी असेल? बिल्कीस यांना नोटीस जाईल का, त्यांचं म्हणणं नोंदवलं जाईल का, आदेशात कारणं असतील का, याची हमी माणसांच्या भल्या-बुऱ्या वृत्तीवर सोडता येणार नाही.

सुटकाच नसलेली शिक्षा

सरकारवरचा हा अविश्वास न्यायालयांनाही वाटतो, आणि त्यातून एक नवीच शिक्षा जन्माला आली. २००८मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला फाशी जड वाटत होती, आणि जन्मठेप दिली तर सरकार चौदा वर्षांनी सोडून देईल म्हणून ती हलकी. मार्ग निघाला तो असा की जन्मठेप, पण मरेपर्यंत, माफी नाही. पुढे वीस वर्षं विनामाफी, तीस वर्षं विनामाफी अशा शिक्षा येऊ लागल्या. डिसेंबर २०१५मध्ये राजीव गांधी हत्या खटल्यातल्या कैद्यांच्या निमित्तानं घटनापीठानं तीन विरुद्ध दोन मतांनी ही पद्धत ग्राह्य ठरवली. अल्पमतातल्या दोघांचं म्हणणं होतं की कायद्यानं सरकारला दिलेला अधिकार न्यायालयाला असा काढून घेता येत नाही.

युरोपात याच सुमारास प्रवाह उलटा वाहत होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१३मध्ये व्हिंटर प्रकरणात सांगितलं की पुनर्विचाराची काहीच वाट नसलेली जन्मठेप ही अमानुष वागणूक आहे. सुटका होईलच असं नाही. पण ती कशानं होऊ शकते, हे कैद्याला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवं.

मुदतबंद शिक्षा देऊनही आपली यंत्रणा दरवाजा उघडायला कचरते. दिल्लीच्या नितीश कटारा खून खटल्यात सुखदेव यादवला वीस वर्षांची विनामाफी मुदत होती. मार्च २०२५मध्ये ती संपली, तरी वर्तणुकीचं कारण देऊन त्याला सोडलं गेलं नाही. मुदत पूर्ण झाल्यावर अर्ज करावा लागत नाही आणि मंडळाची परवानगीही लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शिक्षा संपूनही आत असलेलं आणखी कोणी आहे का ते तपासा, असा निरोपही त्यानं सगळ्या राज्यांना पाठवला.

त्याआधी फेब्रुवारी २०२५मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी एक महत्त्वाचा आदेश दिला होता. राज्यात माफीचं धोरण असेल तर पात्र झालेल्या प्रत्येक कैद्याचा विचार सरकारनं आपणहून करायचा. त्याच्या किंवा नातेवाइकांच्या अर्जाची वाट पाहायची नाही. नकार दिला तर थोडक्यात कारणं द्यायची आणि ती कैद्याला कळवायची. लिहिता न येणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं या आदेशाचं मोल कुठल्याही गाजलेल्या सुटकेपेक्षा मोठं आहे.

आटपाडीचा धडा

कैद्यावर विश्वास टाकला तर काय होतं, याचा एक प्रयोग सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ शिल्लक आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, स्वतंत्रपूर वसवलं. तिथे भिंत नव्हती. खुनाचे कैदी शेती करत, घरच्यांना बरोबर ठेवत. ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा आपल्याला आठवतो. ती वसाहत आजही कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून चालू आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. येरवडा आणि पैठण इथेही खुली कारागृहं आहेत.

खुल्या कारागृहात माणसाची परीक्षा रोज होते. कुंपण ओलांडून जाता येत असताना तो जात नाही, ही वर्तणुकीची अशी नोंद आहे जी कुठल्याही ठाण्याच्या अहवालात मिळणार नाही. सुटकेचा निर्णय घेणाऱ्यांना खरं तर हाच पुरावा हवा. पण खुल्या कारागृहात जायलाही आधी निवड व्हावी लागते, आणि तिथेही जुन्या गुन्ह्याचा रकाना आड येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२अखेर देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले चार लाखांहून अधिक कच्चे कैदी. त्यामुळे केवळ जन्मठेपी सोडून गर्दी हटणार नाही, आणि गर्दी हे त्यांना सोडण्याचं कारणही असू नये. सोडायचं ते माणूस सोडण्याजोगा झाला म्हणून.

तसं ठरवायला नवा कायदा लागत नाही. चौदा वर्षं पुरी होणाऱ्या कैद्यांची यादी प्रत्येक कारागृहानं आगाऊ काढावी आणि संकेतस्थळावर टाकावी. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला किंवा त्याच्या घरच्यांना नोटीस जावी, त्यांचं भय ऐकून घ्यावं. त्यांना नकाराधिकार नसावा, पण त्यांना वगळून निर्णयही नसावा. कारागृहातल्या मानसशास्त्रज्ञाचं आणि कल्याण अधिकाऱ्याचं मत पोलीस अहवालाइतकंच वजनाचं धरावं. आणि प्रत्येक आदेश, होकाराचा असो वा नकाराचा, कारणांसह जाहीर व्हावा. खालच्या न्यायालयाचा दोन वर्षांच्या शिक्षेचा निकालसुद्धा कोणालाही वाचता येतो. मग दहा वर्षं माफ करणारा किंवा दहा वर्षं वाढवणारा गृहविभागाचा निकाल बंद पाकिटात का राहावा?

आपल्याकडे या विषयावरचा राग नेहमी चुकीच्या दिशेनं जातो. एखादा बडा सुटला की आपण म्हणतो, माफीच बंद करा. माफी बंद झाली तर बड्याला राजभवन आहे, वकील आहेत, जामीन आहे. दार बंद होईल ते फक्त ज्याला तेवढंच एक दार होतं त्याच्यासाठी. कारणं उघड झाली की उलट होतं. बिल्कीस यांच्या बाबतीत अकरा जणांना परत आत नेलं ते गुजरातच्या फाइलमधले कागद न्यायालयात उघडे पडले म्हणूनच. बड्याची वशिल्याची फाइल उजेडात टिकत नाही, आणि बांधाच्या भांडणात आयुष्य घालवलेल्या, सत्तरीला टेकलेल्या माणसाची फाइल उजेडात आली तर तिला नकार देणं अवघड जातं. मंत्रालयाला हे आदेश प्रसिद्ध करायला एक शासन निर्णय पुरेल.